रिकाम्या पुडीतलं विरजण

चवकाकांनी आयुष्यभर खोट्या चवी बनवल्या, पण खोटं बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आली तेव्हा अशी आली की खोटं बोललं तर लेकीची तीन वर्षांची मेहनत वाचणार होती आणि खरं बोललं तर ती मातीत जाणार होती. आणि खोटं बोला म्हणून गळ घालत होती ती लेकच.

हे काका कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही उगाच त्यांना लबाड समजाल. सरबतं आणि पेयांच्या पावडरी बनवणाऱ्या एका कारखान्यात ते चव जुळवायचं काम करत. पाकिटावर संत्र्याचं चित्र असतं, आत संत्र्याची सालसुद्धा नसते, तरी पिणारा ओठ पुसत म्हणतो, वा, काय संत्रं आहे. त्या 'वा'च्या मागे असा एखादा माणूस बसलेला असतो. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघे. एरवी मालकापासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांचे ते चवकाकाच.

त्यांच्या जिभेची बडदास्त एखाद्या जावयासारखी होती. तिला तिखट चालत नसे, कच्चा कांदा चालत नसे, कढत चहा तर मुळीच नाही. घरात वासाचा साबण येत नसे. लग्नात मिळालेली अत्तराची कुपी बायकोनं केव्हाच बहिणीला देऊन टाकली होती. ती म्हणायची, लोकांचे नवरे नखरे करतात, माझ्याकडे नवरा गरीब आहे, नखरे त्याची जीभ करते. आणि अशा या फिक्या घरात एकुलती एक मुलगी जन्मली ती एवढीशी, काळीसावळी आणि रडायला लागली की कानात झोंबणारी. तिचं नाव मिरी पडलं ते पडलंच.

मिरी शिकली आणि एका संशोधन संस्थेत लागली. तिथे द्राक्षांवर अभ्यास चालला होता. द्राक्ष प्रकृतीला चांगलं, हे आपल्याला कुणीही सांगेल. पण चांगलं म्हणजे नेमकं काय, किती आणि कुणाला, असं विचारलं की सांगणाऱ्याला खोकला येतो. संस्थेतल्या लोकांना तेवढंच शोधायचं होतं. म्हाताऱ्या माणसांनी रोज ठरावीक द्राक्ष खाल्लं तर त्यांच्या ताठरलेल्या रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात का? मिरीचं काम मोजायचं. आलेल्या माणसाच्या हाताला पट्टा आवळायचा, थोड्या वेळानं सोडायचा आणि अडलेलं रक्त धावत आलं की दंडातली नस किती रुंदावते, ते यंत्राच्या पडद्यावर बघायचं. या कामावर तिला पदवी मिळायची होती.

आता ताजी द्राक्षं काही सगळ्यांना सारखी देता येत नाहीत. एक घड आंबट, एक गोड. म्हणून द्राक्षं सालीबियांसकट गोठवून, वाळवून त्यांची पावडर केली होती आणि तिच्या पुड्या बांधायच्या होत्या. निम्म्या लोकांना ही खरी पुडी द्यायची आणि निम्म्यांना रिकामी. रिकामी म्हणजे आत पावडर असते, द्राक्ष नसतं. कारण माणसाचं असं आहे की आपण काहीतरी पौष्टिक घेतोय, एवढं नुसतं कळलं तरी त्याला बरं वाटायला लागतं. तेव्हा कुणाच्या वाट्याला काय आलंय हे घेणाऱ्याला कळता कामा नये आणि मोजणाऱ्या मिरीलाही. शिवाय अभ्यास संपेपर्यंत कुणी द्राक्षाला, बेदाण्याला शिवायचं नाही, असं सगळ्यांनी कबूल केलं होतं.

पण द्राक्ष नसलेलं द्राक्ष बनवणार कोण? अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर होत्या, त्यांना संस्थेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या अशा माणसाच्या शोधात होत्या. मिरी बोलून गेली की अमुक कारखान्यात एक जण आहे, त्यांच्यासारखी जीभ दुसरी नाही. तो आपला बाप आहे, एवढं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. नात्यातल्यांना संस्थेचं काम द्यायचं नाही असा नियम होता आणि नियम वाचला की मिरीला वाटायचं, हा दुसऱ्यांसाठी आहे.

पहिल्या भेटीला बाप आणि लेक एका टेबलाच्या दोन बाजूंना बसले. घरात ती त्यांना "बाबा, तू चष्मा कुठे ठेवलास" म्हणणारी. इथे "काका, आपण पाणी घेणार का?" म्हणाली. चवकाकांनीही मान लववून, "नको मॅडम, आपल्याला त्रास," असं उत्तर दिलं. त्या रात्री जेवताना दोघं एकमेकांना आपण-आपण म्हणत इतके हसले की बायकोनं विचारलं, डोकी फिरली आहेत का दोघांची. हसण्याचे दिवस होते ते.

काम सोपं नव्हतं. गोडी जमली, आंबटपणा जमला, रंग जमला. पण खरं द्राक्ष शेवटी जिभेला धरतं. साल चावली की तोंड किंचित आवळतं ना, ते. तो तुरटपणा ज्या गोष्टींमुळे येतो त्याच गोष्टी रक्तवाहिन्यांवर काम करतात की काय, हेच तर संस्थेला तपासायचं होतं. म्हणजे त्या घालायच्या नाहीत आणि तरी जीभ आवळायची. नमुन्यामागून नमुने गेले. चाखायला बसवलेले लोक दर वेळी खोटी पुडी बरोबर हुडकून काढत. चवकाकांना रात्री झोप लागेना. शेवटी तोंड कोरडं करणारा एक क्षार आणि कडवटपणाचा एक कण यांचं त्यांनी असं काही लग्न लावलं, की चाखणारे गोंधळले. नमुना प्रयोगशाळेत तपासला गेला. द्राक्षाचा अंशसुद्धा नाही. मोठ्या बाई स्वतः कारखान्यात येऊन त्यांचा हात हातात घेऊन गेल्या.

आणि मग मोठा घाणा आला. वाटीभर जमलं ते पोतंभर जमत नाही, हे घरात चारऐवजी चाळीस माणसांचा स्वयंपाक केलेल्या कुणालाही विचारा. फिरत्या पिंपातून पावडर निघाली आणि चवकाकांनी चिमूट जिभेवर ठेवली. सुरुवात बरोबर, मध्य बरोबर, शेवट पोकळ. फाटकाशी गाडी भरायला उभी होती. मालक घड्याळाकडे बघत होता. अशा वेळी या धंद्यातली माणसं काय करतात? जुन्या मालातलं एक माप नव्यात टाकतात. जुनी चव नव्या चवीला वळण लावते आणि गिऱ्हाइकाला बदल कळत नाही. कारखान्यात त्याला विरजण म्हणतात. चवकाकांच्या हातानं ते विरजण शेकडो वेळा लावलं होतं. त्यांच्यापुढे फळीवर ज्याच्याशी चव जुळवायची तो जुना माल होता. म्हणजे खरी पावडर. त्यांनी त्यातलं एक माप घेतलं, पिंपात टाकलं, पिंप थोडं फिरवलं आणि पुन्हा चाखलं. शेवट भरून आला होता.

त्यांच्या मनात पाप नव्हतं. पापच काय, विचारसुद्धा नव्हता. हात पुढे गेला आणि काम झालं. द्राक्ष घालायचं नाही हे त्यांना पाठ होतं, पण विरजण घालणं म्हणजे काही दूध घालणं नव्हे, अशी ही माणसं.

अभ्यास सुरू झाला. मिरीकडे मोजणीला येणाऱ्यांत एक निवृत्त बसकंडक्टर होते. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. ती त्यांना आजोबा म्हणे, ते तिला ताई म्हणत. पट्टा आवळला की ते घंटीची दोरी ओढल्यासारखा दुसरा हात वर करून, "चला, पुढे," म्हणायचे आणि मिरीचं हसू आवरेपर्यंत यंत्राला थांबावं लागायचं. चार-पाच भेटींत ते तिच्या घरचेच झाले. जेवताना त्यांच्या गोष्टी निघत.

मग मध्यावर लघव्या तपासल्या गेल्या. द्राक्ष पोटात गेलं की त्याची एक खूण लघवीत उतरते. रिकामी पुडी घेणाऱ्यांत ती दिसायला नको होती. काही जणांत दिसली. फार नाही, पण होती.

मोठ्या बाई कडक, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी आधी पुडीवर संशय घेतला. भांडारातली एक रिकामी पुडी उघडून तपासली. ती स्वच्छ निघाली. पुडी स्वच्छ, तर माणसं खोटारडी, दुसरं काय निघणार? ही म्हातारी मंडळी चोरून द्राक्षं खात होती आणि दर आठवड्याला त्यांना खाण्याबद्दल खोदून विचारायचं काम ज्या मिरीचं, ती त्यांच्याशी गप्पा हाणत बसली होती. असं सगळ्यांसमोर ऐकून घेऊन मिरी परतली आणि तो राग तिनं कंडक्टर आजोबांवर काढला. चौकशीसाठी बाईंना ती नावं मिरीपुढे उघडी करावी लागली होती आणि खूण आजोबांच्यातच सगळ्यांत ठळक होती.

आजोबा म्हणाले, "ताई, एक मणीसुद्धा नाही." मिरीनं विश्वास ठेवला नाही. तिनं त्यांच्या घरी फोन करून सुनेला सांगितलं की जरा लक्ष ठेवा. सुनेनं लक्ष ठेवलं म्हणजे काय केलं, तर म्हाताऱ्याचे खिसे झटकले, गादी उचलून पाहिली आणि नातवाच्या डब्यातले बेदाणे कपाटात घालून कुलूप लावलं. पुढच्या मोजणीला आजोबा आले, हात पुढे केला आणि भिंतीकडे बघत बसून राहिले.

हे सगळं मिरी जेवताना सांगत होती. आवाज चढलेला. "कळतच नाही मला, बाबा. रिकाम्या पुडीत द्राक्षाचा कण नाही. मग यांच्या पोटात ते गेलं कुठून? आभाळातून?"

चवकाकांच्या हातातला घास हातातच राहिला. फळी दिसली, माप दिसलं, पिंपाची कडी दिसली. गाडीच्या घाईत पिंप पुरतं फिरवलंच नव्हतं. म्हणजे विरजण सगळीकडे सारखं लागलं नसणार. काही पुड्या कोऱ्या, काही पुड्यांत द्राक्ष. काही माणसं खोटारडी, काही साजूक. सगळा हिशेब त्यांच्या जिभेला आधी कळला आणि मग डोक्याला. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

दोन दिवस त्यांनी ते पोट तसंच बिघडवून ठेवलं. खरं सांगायला माणूस घाबरतो तेव्हा तो इतर किती गोष्टी करतो, बघा. चवकाकांनी गळका नळ दुरुस्त केला, जुन्या चपलांचे अंगठे शिवून आणले, खिडक्यांच्या काचा पुसल्या. बायको म्हणाली, काय केलंय तुम्ही? त्यांनी तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली की हे मिरीला माझ्याआधी कळायला हवं होतं.

मिरीला त्यांनी गच्चीत गाठलं. ती धुतलेले कपडे वाळत घालत होती. त्यांनी एका दमात सांगून टाकलं. ती ओली चादर हातात धरून उभी राहिली, पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती हळू आवाजात हिशेब करायला लागली. उद्या चौकशीची बैठक आहे. कारखान्यातर्फे तुलाच बोलावलंय. तुला एकच प्रश्न विचारतील, माल ठरल्याप्रमाणे होता का. पुडी तपासून झाली आहे, स्वच्छ निघाली आहे. ज्यांच्यात खूण सापडली त्यांना काढून टाकतील. मला समज देतील, ती मी खाली मान घालून घेईन. उरलेल्यांवर अभ्यास पुढे जाईल. तू बोललास तर अभ्यासच बंद, माझी पदवी गेली, तुझी नोकरी गेली, आणि आपण कोण कुणाचे हेही निघणार.

"उरलेल्यांच्या पुड्या तरी कुठे कोऱ्या असतील, मिरे?" चवकाका म्हणाले.

तिला हे कळत नव्हतं असं नाही. तिला तर त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. रिकाम्या गटाच्या पोटात द्राक्ष गेलं असेल तर दोन्ही गटांतला फरक पुसला जाणार आणि उद्या जग म्हणणार, द्राक्षात काही अर्थ नाही. कदाचित अर्थ असेल, कदाचित नसेल. पण त्यांचा अभ्यास जे म्हणेल ते खोटंच असणार होतं.

"बाबा, तू फक्त हो म्हण," ती म्हणाली. "मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाहीये."

हे खरं होतं आणि म्हणूनच ते त्यांच्या वर्मी लागलं. संध्याकाळी बायकोनं दोघांना वाढलं आणि स्वतः उठून गेली. जाताना म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा, पण त्या म्हाताऱ्याच्या गोष्टी आता मला सांगू नका, मला अन्न जात नाही.

बैठकीची खोली लहान होती आणि टेबल मोठं. मध्ये संस्थेचे संचालक, शेजारी मोठ्या बाई. एका बाजूला मिरी, डोळे टेबलावर. समोर चवकाका. भिंतीलगतच्या खुर्चीवर कंडक्टर आजोबा, आणि त्यांना एकट्याला कसं पाठवायचं म्हणून बरोबर आलेली सून. बाकीच्यांना पत्रानं कळवायचं ठरलं होतं, पण आजोबांनी हट्टच धरला होता की मला जे काही सांगायचं ते समोर बसवून सांगा. पंखा मधूनच खडखडत होता.

आधी चवकाकांचा प्रश्न झाला. संचालकांनी विचारलं की माल ठरल्याप्रमाणे होता ना, त्यात द्राक्षाचा अंश नव्हता ना. त्यांना पुढच्या कामाला जायची घाई असावी, उत्तराआधीच त्यांचं पेन कागदावर टेकलं होतं.

चवकाकांनी मिरीकडे पाहिलं नाही. "हो," ते म्हणाले.

झालं. पेन चाललं. छप्पर कोसळलं नाही, मोठ्या बाईंनी मान हलवली, आणि चवकाकांना स्वतःचीच किळस आली. लेकीसाठी केलं, लेकीसाठी केलं, असं ते मनाशी म्हणत राहिले. बाप हा प्राणी असाच आहे, लेकीच्या नावावर तो काहीही खपवतो.

मग संचालक आजोबांकडे वळले. त्यांचा सूर चांगला होता, तेच तर वाईट होतं. या वयात होतं असं, आम्ही समजू शकतो, नुसतं कबूल करा म्हणजे आमची नोंद पूर्ण होईल. आजोबा ताठ बसून म्हणाले की मी खाल्लं नाही. मोठ्या बाईंनी तपासणी समजावून सांगितली. लघवी खोटं बोलत नाही, असं त्या म्हणाल्या. आजोबा म्हणाले, मी पण नाही.

तेव्हा सून मध्ये पडली. तिला सासऱ्याचा अपमान थांबवायचाच होता, बिचारीला दुसरा रस्ता दिसला नाही. "विसरतात हो ते हल्ली," ती म्हणाली. "परवा गॅस चालू ठेवला होता. खाल्लं असेल आणि लक्षात राहिलं नसेल. मुद्दाम नाही करणार."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे, मग मिरीकडे. मिरीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तिनं मान वर केली नाही. त्यांचा हात खिशाच्या पेनाकडे गेला आणि काही न काढता परत मांडीवर आला.

"खाल्लं असेन," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेली माणसं सगळी म्हणताय. घरची पण म्हणताहेत. मला एकट्याला आठवत नाही म्हणजे माझंच चुकत असेल. रात्री मी खूप आठवून पाहतो. कधी खाल्लं, कुठे खाल्लं, कुणी दिलं. काही सापडत नाही. पण खाल्लं असेन. लिहा."

संचालकांनी लिहायला पेन उचललं. चवकाकांचं तोंड उघडलं, पण आवाज आला तो त्यांचा नव्हता.

"बाबा," मिरी म्हणाली. "तू सांग त्यांना."

मोठ्या बाईंनी आधी मिरीकडे पाहिलं, मग ती बघत होती त्या दिशेनं पाहिलं. टेबलापलीकडे बसलेल्या कारखान्याच्या माणसाचा चेहरा त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला असावा. तेच नाक, तीच पुढे आलेली हनुवटी. इतके महिने हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचं आश्चर्य त्यांच्या तोंडावर उमटलं आणि लगेच त्याची जागा दुसऱ्या कशानं तरी घेतली. मिरी रडत नव्हती. तिनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते, जणू टेबल उडून जाईल.

चवकाकांनी सांगितलं. मघाचं 'हो' खोटं होतं, इथून सुरुवात केली. मोठा घाणा, पोकळ शेवट, फाटकाशी गाडी, जुन्या मालाचं माप, अर्धवट फिरवलेलं पिंप, सगळं सांगितलं. विरजण म्हणजे काय हे संचालकांना दोनदा समजावावं लागलं. कोऱ्या निघालेल्या पुडीच्या शेजारची पुडी उघडा, कदाचित तिच्यात सापडेल, आणि नाही सापडलं तर तिच्या शेजारची उघडा, असं ते म्हणाले. मुलीला हे कालपर्यंत ठाऊक नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं. त्यावर मिरी म्हणाली, "पण कालपासून होतं. बाबांनी हो म्हणावं, हे मीच सांगितलं होतं." वाचवायला निघालेल्या बापाला तिनं तेवढंही करू दिलं नाही.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे होतं तसंच झालं. भांडारातल्या पुड्या उघडल्या गेल्या आणि द्राक्ष सापडलं. अभ्यास बंद झाला. द्राक्षांनी म्हाताऱ्या नसा सैल होतात का, हे त्या अभ्यासातून कुणालाच कळलं नाही. मिरीला संस्था सोडावी लागली आणि पदवी लांबली, किती ते अजून तिलाही माहीत नाही. चवकाकांना कारखान्यानं लगेच काढलं नाही, पण पिंपाजवळ दुसरा माणूस उभा केला. मोठ्या बाईंनी बापलेकीशी पुढे कधी बोलणं ठेवलं नाही, आणि त्यांना दोष कसा देणार?

पण त्या दिवशी त्या खोलीत या सगळ्याला अजून वेळ होता. चवकाका बोलायचे थांबले होते. संचालक मोठ्या बाईंच्या कानाशी लागले होते, सून गोंधळून सगळ्यांची तोंडं बघत होती आणि भिंतीलगतच्या माणसाला कुणी काही विचारतच नव्हतं. आजोबा उठले. हळूहळू टेबलाला वळसा घालून ते चवकाकांच्या खुर्चीशी आले. चवकाका घाईनं उभे राहिले. माणूस मारेल असंच त्यांना वाटलं आणि मारलं तर बरं, असंही वाटलं.

"तुम्ही जे बोललात ते मला नीट समजलं नाही," आजोबा म्हणाले. "मला एवढंच सांगा. मी नव्हतं ना खाल्लं?"

"नाही आजोबा. एक मणीसुद्धा नाही."

"म्हणजे मला आठवतंय ते बरोबर आहे?"

"तुम्हाला अगदी बरोबर आठवतंय."

आजोबांनी टेबलाची कड धरली. मिरीनं उठून स्वतःची खुर्ची त्यांच्यामागे सरकवली. ते बसले, सदरा ताठ केला आणि सुनेला हाक मारली.

"गॅस मी चालू ठेवला होता," ते तिला म्हणाले. "ते मी कबूल करतो."